परशुरामाचा बाण आणि गावकारांचे बांध

पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर उत्तरेकडचा डोंगर थेट समुद्रात उतरतो. खडकांच्या कडेकडेने डोंगराला वळसा घातला की वाळूच्या अरुंद पट्ट्यामागे गोड्या पाण्याचं तळं लागतं. पट्ट्याच्या एका बाजूला खारी लाट फुटत असते आणि चार पावलांवर झऱ्याचं गोड पाणी साठलेलं असतं. परशुरामाने समुद्र मागे हटवून जी भूमी मिळवली, तिच्यावरचा यज्ञ इथेच झाला, असं परंपरा सांगते. इथल्या टेकडीतली पांढुरकी माती म्हणजे त्या यज्ञाची राख, अशी लोकांची समजूत आहे.

कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. जिंकलेली सगळी पृथ्वी परशुरामाने कश्यपाला दान केली. दान दिलेल्या भूमीवर दात्याने राहायचं नसतं, म्हणून तो सह्याद्रीवर आला आणि समुद्राकडे त्याने जागा मागितली. बाण सोडला, समुद्र हटला, कोकण वर आलं. गोमंतकात या कथेला जागाही नेमून दिलेल्या आहेत. बाण पडला तो सासष्टीत, बाणावलीला. यज्ञ झाला हरमलला. त्रिहोत्राहून आणलेले ब्राह्मण वसले ते कुशस्थळी, केळोशी, मठग्राम, चूडामणी, दीपवती अशा गावांत. आज आपण त्यांना कुठ्ठाळी, केळशी, मडगाव, चोडण आणि दिवाडी म्हणतो. पुराणातली भूमी सर्व्हेच्या नकाशावर इतकी नेमकी उतरलेली क्वचितच सापडते. ती कधी आणि का उतरली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

देवादिकांची भूमी खऱ्या भूगोलात शोधण्याची ओढ जगभर आहे. आइसलँडमधल्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात उत्तर युरोपच्या जुन्या देवांच्या कथा लिहून ठेवल्या, त्या वेळी त्याने देवांची नगरी आसगार्ड आकाशात ठेवली नाही. आपल्या एड्डा ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने देवांचं मूळ थेट ट्रॉय नगरीशी जोडलं. राजांच्या इतिहासावरच्या ग्रंथात मात्र आसगार्ड डॉन नदीच्या पूर्वेला असल्याचं सांगितलं आणि तिथून देवांचा प्रमुख ओडिन आपल्या माणसांसह जर्मनी, डेन्मार्क करत स्वीडनमधल्या सिग्टुनाला येऊन स्थायिक झाला असं लिहिलं. पुढे सतराव्या शतकात उप्साला विद्यापीठातला ओलोफ रूडबेक हा वैद्यकाचा प्राध्यापक आणखी पुढे गेला. १६७९ पासून निघालेल्या आपल्या चार खंडी ग्रंथात त्याने प्लेटोचं अटलांटिस म्हणजे आपलं स्वीडनच, असं सिद्ध करायचा प्रयत्न केला. स्वीडन तेव्हा युरोपातली मोठी लष्करी सत्ता होती आणि सत्तेला शोभेल असा भूतकाळ तिला हवा होता. २००१ मध्येही थोर हायरडाल हा नॉर्वेजियन प्रवासी ओडिनच्या शोधात डॉनच्या मुखाशी, अझोव्ह इथे उत्खनन करत होता. अभ्यासकांनी त्याचे निष्कर्ष मान्य केले नाहीत.

गोव्याची गोष्ट याच जातीची आहे, पण तिच्यामागची गरज वेगळी होती.

सुरुवातीला परशुरामाची भूमी गोव्यात नव्हतीच. महाभारताच्या शांतिपर्वात समुद्र परशुरामाला जागा करून देतो ती शूर्पारकात, म्हणजे आजच्या वसई-विरारजवळच्या नालासोपाऱ्यात. इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातल्या नाशिकच्या लेण्यात शक राजाचा जावई उषवदात आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवतो, तिच्यातही शूर्पारकातल्या रामतीर्थाचा उल्लेख आहे. त्या काळी सोपारा हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. कालिदासाच्या रघुवंशापर्यंत ही कल्पना अपरान्ताची, अख्ख्या किनाऱ्याची झालेली दिसते. पुढे बंदरं आणि वसाहती दक्षिणेकडे सरकत गेल्या तशी कथाही सरकली. केरळात परशुराम गोकर्णहून परशू फेकतो आणि मलबार वर येतो. प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली.

भूशास्त्र मात्र उलटी गोष्ट सांगतं. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. बर्फ वितळला तसा समुद्र आत आला आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या जागी येऊन थांबला. मांडवी, झुआरी, शापोरा, तेरेखोल या नद्यांची खोरी तेव्हा बुडाली आणि त्यांच्या खाड्या झाल्या. खाड्यांत वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यावर खारफुटी माजली. भरतीला पाण्याखाली जाणारी आणि ओहोटीला चिखल होणारी ही जमीन म्हणजे गोव्याच्या शेतीची खरी पुंजी. समुद्राकडून भूमी मिळवण्याचं काम खरोखरच झालं, ते या चिखलात.

त्याचा एक जुना पुरावा फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे इथे मिळालेल्या ताम्रपटात आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातला राजा अनिर्जितवर्मा याचा हा ताम्रपट सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. राजा एका ब्राह्मणाला खज्जन जमीन देतो. जंगल तोडून, बांध घालून, खारं पाणी अडवून ती लागवडीखाली आणावी, हा त्यामागचा उद्देश. आज गोव्यात ज्याला खाजन म्हणतात तेच हे. बाहेरून आलेला ब्राह्मण, राजाने दिलेलं दान आणि समुद्राच्या तोंडून काढलेली जमीन या तीनही गोष्टी इथे तांब्याच्या पत्र्यावर आहेत. बाण सोडणारा परशुराम तेवढा नाही. पुराणकथेच्या मुळाशी काय असावं याचा याहून चांगला पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

याच शतकांत डिचोली तालुक्यात, साखळीजवळ हरवळ्याला जांभ्या दगडात गुंफा कोरल्या गेल्या. धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ जवळच आहे. आत ओळीने कोनाड्यासारख्या खोल्या, त्यांत शिवलिंगं, आणि एका लिंगावर ब्राह्मी अक्षरं आहेत. लोक मात्र या गुंफांना पांडवांच्याच म्हणतात. वनवासात पांडव इथे राहिले, खोल्या पाच आहेत, हा आणखी पुरावा. कोरणाऱ्यांची नावं विसरली गेली, राजवटी बदलल्या आणि रिकाम्या झालेल्या जागेत महाभारत राहायला आलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी लेण्यांचं असंच झालं आहे. इथपर्यंतची जोडणी निवांत होती, गावच्या गप्पांत होणारी.

दिवाडीवर जे झालं ते तसं निवांतपणे झालं नाही.

दिवाडी हे मांडवीतलं बेट. पुराणात त्याला दीपवती म्हणतात. सात ऋषींनी इथे सात कोटी वर्षं तप केलं, शिव प्रसन्न झाला आणि सप्तधातूंच्या लिंगरूपाने राहिला, ही सप्तकोटेश्वराची कथा. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. सप्तकोटीश्वराच्या वराने आपल्याला राज्य मिळालं, असं बिरुद ते मिरवत. बाराव्या शतकातल्या शिवचित्त पेर्माडीदेवाच्या सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला हे बिरुद. देवकथेतलं बेट अशा रीतीने राज्याच्या नाण्यावर आलं. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत देऊळ मोडलं. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा माधव मंत्री याने गोवा जिंकल्यावर ते पुन्हा उभारलं.

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला. तिसवाडी आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांची झाली. पहिली काही वर्षं गावांचा कारभार जुन्याच रिवाजाने चालला. महसूल गोळा करायचा तर रिवाज कळायला हवेत, म्हणून वित्त अधिकारी आफोन्सो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गावांच्या चालीरीतींची एक सनद लिहून काढली. तिच्या सुरुवातीलाच गावांच्या जन्माची हकिकत आहे. फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन कसली, वस्ती वाढली, आणि त्यांनी कारभार चांगला चालवला म्हणून लोक त्यांना गावकार म्हणू लागले.

या सनदेत देव नाही, ऋषी नाही, बाण नाही. गावकारांनी परक्या अधिकाऱ्याला आपली मुळं सांगितली ती अशी, चार कष्टकऱ्यांची. त्याच गावांतल्या देवळांत तेव्हा परशुरामाची आणि सप्तऋषींची कथा सांगितली जात होती. कर आणि जमिनीच्या व्यवहारात चार माणसांची आठवण पुरत होती, आणि धर्माच्या व्यवहारात पुराण. लोकांना दोन्ही खरी वाटत असणार.

१५४० मध्ये तिसवाडी आणि बेटांवरची देवळं पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर त्यातच गेला. लिंग उचलून विहिरीच्या कामाला लावलं होतं, अशी परंपरा आहे. भाविकांनी ते रातोरात नदीपार नेलं. नदीच्या पलीकडचा डिचोली महाल, म्हणजे तेव्हाचा भतग्राम, आदिलशाहीच्या हद्दीत होता. पुढच्या दोन-अडीच दशकांत बारदेश आणि सासष्टीतही तेच झालं. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. गावकार कुटुंबांतली कित्येक माणसं देवांच्या मागोमाग निघाली. जी मागे राहिली त्यांतल्या बहुतेकांनी धर्म बदलला, आणि शेताचे बांध तेच सांभाळत राहिले.

अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसाला आपण कुठले हे सांगावं लागतं. अंत्रुजात म्हणजे आजच्या फोंड्यात, डिचोलीत, कारवारात, मंगळुरात, कोचीपर्यंत पोचलेल्या या कुटुंबांकडे जमिनीचा कागद उरला नव्हता, कारण जमीनच परक्याकडे गेली होती. त्यांच्यापाशी कुलदेव होता आणि गावाचं नाव होतं. सह्याद्रिखंडासारख्या ग्रंथातली ही नावं, कुशस्थळी, केळोशी, मठग्राम, दीपवती, त्यांच्यासाठी सातबाऱ्यासारखीच होती. ही भूमी परशुरामाने आमच्या पूर्वजांना दिली आणि तिची हद्द अमुक, असं ती सांगत. सह्याद्रिखंड स्कंदपुराणाचा भाग म्हणून सांगितलं जातं, पण ते एका हाताने किंवा एका काळी लिहिलेलं नाही. त्यात भर पडत गेली आहे. पुराणाचं आणि गावांचं हे नातं विस्थापितांनी जितक्या जिवापाड जपलं, तितकं जागच्या जागी राहिलेल्यांनी जपलं असतं असं मला वाटत नाही. रूडबेकच्या स्वीडनने देवभूमी शोधली ती वैभवाच्या भरात. गोव्याच्या लोकांनी ती घट्ट धरली ती पायाखालची जमीन गेल्यावर.

दिवाडीवर जिथे मूळ देऊळ होतं ते गाव नार्वे. नदीपलीकडे डिचोलीत जिथे लिंग नेलं तेही नार्वेच. देवाबरोबर गावाचं नावही काठ ओलांडून आलं.

१६६७ च्या नोव्हेंबरात मराठी फौजांनी बारदेशवर स्वारी केली, नंतर तह झाला. पुढच्याच वर्षी, १६६८ च्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराज डिचोलीत होते. गोव्याची हद्द समोर, नदीपलीकडे दिवाडी दिसते आहे, आणि अलीकडच्या नार्व्याला कदंबांचा कुलदेव लहानशा जागेत आहे, अशी ती परिस्थिती होती. महाराजांनी देऊळ बांधायची आज्ञा दिली. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी या दिवशी श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याची नोंद आहे. लेख अवघ्या काही ओळींचा आहे. त्यात बिरुदं नाहीत, शत्रूचा उल्लेखही नाही. ज्या दैवताच्या नावाने गोव्यात राज्य झालं होतं त्याची स्थापना पोर्तुगीजांच्या डोळ्यांसमोर होते आहे, हे न सांगताही समजण्यासारखं होतं.

देऊळ बसकं आहे. भिंती जाड, जांभ्या दगडाच्या, गाभाऱ्यावर घुमट, सभामंडपावर उतरती कौलं, पुढे दीपमाळ. कौल, घुमट, कमान हे सगळं एकत्र आलेली गोमंतकी देवळांची जी ओळखीची धाटणी आहे, तिच्या आरंभीच्या वास्तूंत हिची गणना होते. लिंग धारालिंग आहे, म्हणजे उभ्या पैलूंचं. २०२३ च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धारानंतर देऊळ पुन्हा खुलं झालं. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानाला लोक अजून जमतात. पलीकडे दिवाडीवर कदंबकालीन कोटितीर्थाचं तळं अजून आहे.

डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते बरेच उशिरा. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये. या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेले महाल; तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या. तोवर धर्मसंस्थेचा पहिला जोर ओसरला होता आणि नव्या प्रजेच्या देवळांना, रिवाजांना हात न लावण्याचं आश्वासन राज्यकर्त्यांनी दिलं होतं. त्यामुळे जुन्या काबिजादीत ज्या कथांचे फक्त पत्ते उरले, त्या कथा इथे जागच्या जागी राहिल्या. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि पेडण्यातली मोरजीची मोरजाई या देवी बहिणी, त्यांची आणखी भावंडं, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही ख्रिस्ती झालेली बहीण, अशी कथा डिचोली-पेडण्यात आजही घरोघर सांगितली जाते. लईराईच्या नावाने सायबिणीला तेल जातं आणि तिच्याकडून लईराईला फुलं येतात. धर्मांतराने तुटलेलं गाव लोककथेने पुन्हा एका कुटुंबात बसवलं. हरमलचा यज्ञही असाच टिकला.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याला छापखाना मिळाला. बारदेशातल्या हडफड्याचे डॉ. जेर्सन द कुन्हा मुंबईत वैद्यकी करत. रूडबेकसारखेच हेही डॉक्टर, पण यांची पद्धत वेगळी. त्यांनी सह्याद्रिखंडाच्या चौदा हस्तलिखितांची तुलना करून १८७७ मध्ये संस्कृत संहिता मुंबईत छापली. एका ख्रिस्ती गोमंतकीयाने परशुरामाचं पुराण जगापुढे ठेवलं, याचं मला फार मोल वाटतं. ग्रंथात काही ज्ञातींची निंदा आहे, त्यामुळे तो छापून येताच जातीच्या वादांतही ओढला गेला. सारस्वतांचं ब्राह्मण्य, पंक्तिभेद, अधिकार यांवरच्या भांडणांत दोन्ही बाजूंनी त्यातले श्लोक फेकले जाऊ लागले. ‘मोचनगड’कार रामचंद्र भिकाजी गुंजीकरांचं ‘सरस्वतीमंडळ’ १८८४ चं, याच वातावरणातलं. घर हरवलेल्यांचा आधार असलेला ग्रंथ आता वरचढपणाचं साधन झाला होता. पुराणाला जमिनीशी बांधण्यात हा धोका कायम असतो.

विसाव्या शतकात दामोदर धर्मानंद कोसंबींनी वेगळी वाट धरली. त्यांचं घराणं सांखवाळचं. १९६२ मध्ये आलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात जुन्या काबिजादीतल्या गावकारीवर, म्हणजे गावकारांच्या सामूहिक कारभारावर, त्यांचा एक निबंध आहे. सह्याद्रिखंडाच्या शेजारी त्यांनी शेत, बांध, गावाचा जमाखर्च आणि देवळाचे मान ठेवले आणि कथेमागे वस्ती कशी वसली असेल ते पाहिलं. १९८६ मध्ये अनंत रामकृष्ण शेणवी धुमे यांनी गोव्याच्या वस्तीचा धागा थेट सुमेरी लोकांपर्यंत नेला. वाचायला तो भाग रंजक आहे, पण बांदिवड्याच्या ताम्रपटासारखा पुरावा त्याच्या हाताशी नाही. कृष्ण-जरासंधाच्या लढाईतला हरिवंशातला गोमंत पर्वत म्हणजे गोवाच, हा दावाही असाच नावाच्या साम्यावर उभा आहे.

मला स्वतःला या सगळ्यात खाजनाचा बांध सर्वांत मोठा वाटतो. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचा हा बांध. त्यात मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर जातं. मानशीच्या आत खोलगट पोंय, तिथे मासे आणि कोळंबी. पावसाने मीठ धुऊन निघालं की खाऱ्याला टिकणारं कोरगुट भात पेरायचं. बांधाला खेकड्याने पाडलेलं एक भोक वेळीच बुजवलं नाही तर एका उधाणात अख्खं शेत खारं होतं, म्हणून राखण सगळ्या गावाची. गावकारीचे कडक नियम, दंड, वाटण्या, लिलाव या सगळ्याचं मूळ या पाण्याच्या भीतीत आहे.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर हे कारभार बदलले. १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण गावकारीकडे असलेली बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि पुष्कळ गावांत ती नीट कुणाकडेच राहिली नाही. डिचोलीच्या खाणींची माती पावसात ओढ्यांतून शेतांत आणि मांडवीत उतरली. पेडण्यात मोपाचं विमानतळ झालं, जमिनीचे भाव चढले, शेत विकणं शेत राखण्यापेक्षा सोपं झालं. मानशीची दारं सडली, काही ठिकाणी मासळीच्या लोभाने ती मुद्दाम उघडी ठेवली जातात आणि जिथे कोरगुट पिकायचं तिथे खारं पाणी शिरून खारफुटी उगवली आहे. समुद्राची पातळी आता पुन्हा चढते आहे. फुटलेले बांध आजही बांधता येतात, ते कसे बांधायचे हे जाणणारी माणसं गावागावांत अजून आहेत, आणि त्यांतली बरीचशी आता म्हातारी झाली आहेत.